आण्याच्या शेततळ्यात शेवंती

आमच्या रायबंदरला दारात होडी असणं म्हणजे दारात तुळस असण्यासारखंच. कुणी मान वळवून बघत नाही. त्यामुळे गोव्याहून जुन्नरला होडी न्यायचं ठरलं तेव्हा मला वाटलं, गाडीवर चढवायची, दोर आवळायचे आणि निघायचं. वाटेत लोक काय म्हणतील हा विचार मनातही आला नव्हता. लोक पुष्कळ काही म्हणाले.

होडी म्हणजे काही मोठं प्रकरण नव्हे. चार-पाच माणसं बसतील एवढी, पांढऱ्या फायबरची, काठाला पिवळा पट्टा, मागे छोटं इंजिन आणि दोन वल्ही. नाव शेवंती. दर रविवारी सकाळी माझे यजमान सदानंद आणि आमची मुलगी शर्वरी तिच्यातून मांडवीवर फेरी मारून यायचे. मी कधी गेले नाही. मला काठावरून बघूनही गरगरतं. पुढे शर्वरीचं लग्न झालं, ती जुन्नर तालुक्यातल्या मढला गेली आणि शेवंती आमच्या अंगणात पालथी पडली. सदानंद रोज संध्याकाळी तिच्या बुडावर बसून पेपर वाचायचे. मला ते बघवत नसे.

यंदा शर्वरी आणि जावई विशाल यांनी मढला धरणाच्या पाण्याकाठी पर्यटकांसाठी चार खोल्या बांधल्या. "एक होडी ठेवू या का?" असं शर्वरीने सासऱ्यांना विचारलं. तिचे सासरे बबनराव हे निवृत्त ग्रामसेवक. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि निकाल दिला, "ठिवा. पर कागद असल्याबिगर पाण्यात घालायची न्हाई. आन् ह्या सीझनला जमलं न्हाई, तर परत ह्यो विषय काढायचा न्हाई."

त्या घरात गेल्यापासून शर्वरीने स्वतःहून मागितलेली ही पहिली गोष्ट. ती फसली तर ही पोरगी जन्मात दुसरं काही मागणार नाही, हे मला ठाऊक होतं, कारण हट्टीपणा तिने माझ्याकडूनच घेतलाय. सदानंदांनी त्याच दिवशी शेवंती धुऊन पुसून काढली.

आता कागदाचं सांगते. गोव्याचा नंबर असलेली होडी महाराष्ट्रात पाहुणी म्हणून ठरावीक मुदत राहू शकते. कायमची राहायची असेल तर इथली नोंदणी हवी, आणि त्यासाठी नोंदणी करणाऱ्या साहेबांनी होडी डोळ्यांनी पाहायला हवी. एवढंच. ऐकायला किती सोपं वाटतं!

घोडेगाव आणि डिंभे

साहेब डिंभे धरणावर दुसऱ्या कामासाठी येणार होते, म्हणून त्यांनी आम्हाला तिथेच बोलावलं होतं. विशाल पिकअप चालवत होता आणि मागच्या ट्रेलरवर शेवंती होती. तोवरचा प्रवास सुरळीत झाला. घोडेगावच्या अलीकडे एका फाट्यावर गर्दी दिसली. ढोल, ताशा, फेटेवाले, आणि मधोमध हिरव्यागार फांद्यांनी लादलेला एक ट्रॅक्टर, एका बाजूला कलंडलेला.

या भागात लग्नाच्या आदल्या दिवशी मांडवडहाळे आणतात. आंब्या-जांभळाच्या डहाळ्या सजवलेल्या गाडीत घालून वाजतगाजत मांडवात न्यायच्या, मांडव शाकारायचा. आमच्याकडे गोव्यात मंडपवाल्याला फोन केला की तो लोखंडी खांब घेऊन येतो. इथे डहाळ्या आल्या नाहीत तर मांडव मांडवच नव्हे. आणि त्या दिवशी ट्रॅक्टरचं चाक निखळलं होतं.

गुलाबी फेट्यातला एक माणूस आमच्या खिडकीशी आला. नवऱ्या मुलाचा चुलता होता.

"पावणं, होडी रिकामीच हाय न्हवं?"

सदानंद म्हणाले, "रिकामी आहे, पण आम्हाला डिंभ्याला..."

"वाटंतच हाय गाव. घ्या रं पोरांनो!"

पुढे काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही, कारण ते फार भराभर झालं. शेवंतीत डहाळ्या रचल्या गेल्या. नवऱ्याच्या मामाला होडीच्या पुढच्या टोकावर, नाळेवर, बसवलं. दोन्ही वल्ही उभी करून त्यांना तोरण बांधलं. ट्रेलरपुढे ढोलवाले झाले आणि आम्ही माणसाच्या चालीने निघालो. दर घराशी मिरवणूक थांबे, बायका रीतीप्रमाणे गाडीच्या चाकावर ओतायला पाण्याचा तांब्या घेऊन पुढे येत आणि चाक कुठलं ते न कळल्याने होडीच्याच नाकावर पाणी ओतत. एका आजीने मला विचारलं, "बाय, ही तुमच्याकडं लग्नात अशीच आणत्यात का?" मी "हो" म्हणून टाकलं. शेवंती कितीतरी दिवसांनी पाण्याने भिजत होती, नाही म्हणवेना.

मांडवात सदानंदांना टॉवेल-टोपी, मला नारळ आणि खण मिळाला. जेवूनच जा म्हणाले. जेवलो. त्यामुळे डिंभ्याला पोचलो तेव्हा साहेब छत्री उघडून पाण्याकडे पाठ करून उभे होते.

साहेब किनाऱ्यावरच्या कचेरीतले. सडपातळ, इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट. त्यांनी शेवंतीत अडकलेल्या आंब्याच्या पानांकडे पाहिलं, मग सदानंदांच्या डोक्यावरच्या टोपीकडे पाहिलं, आणि काहीच विचारलं नाही. सभ्य माणूस होता.

"उतरवा पाण्यात," ते म्हणाले. "तरंगताना पाहिल्याशिवाय मला सही करता येत नाही."

तेवढ्यात धरणाचा पहारेकरी काठी टेकत आला. "कुटं? हितला नंबर हाय का?"

"नंबरासाठीच तर तपासणी आहे," विशाल म्हणाला.

"मंग नंबर घेऊन या. नंबर असल्याबिगर ह्या पाण्यात काय घालू देता येत न्हाई."

"आणि पाण्यात घातल्याशिवाय मला नंबर देता येत नाही," साहेब म्हणाले.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मला वाटलं आता भांडण होणार. पण त्यांच्या नजरेत असा काही आदर होता, जणू दोघांचं गोत्र एकच निघालं. पहारेकऱ्याने साहेबांना तंबाखू विचारली.

सदानंद म्हणाले, "अर्धीच पाण्यात घातली तर?"

दोघांनी एकाच वेळी नकाराची मान हलवली.

निघताना साहेबांना आमची दया आली असावी. "परवा मी जुन्नर भागातच आहे," ते म्हणाले. "कुठल्याही पाण्यात दाखवा, माझी हरकत नाही. फक्त तरंगली पाहिजे. पण परवाच. तुमची पाहुणी म्हणून राहायची मुदत त्यानंतर संपते. मग तिला परत गोव्यात न्यावं लागेल."

मढ

मढला शर्वरी रस्त्यावरच उभी होती. तिने आधी होडीवरून हात फिरवला आणि मग मला मिठी मारली. मी मनाला लावून घेतलं नाही, असं इथे लिहून ठेवते.

बबनरावांनी अंगणातच कागद मागून घेतले आणि पुढून मागून वाचले. "पावणं, कागद झकास हायती," ते सदानंदांना म्हणाले, "पर ते गोव्याचे. लेक दिली तवा तिचं आधार कार्ड बदलून घेतलंच की आपण. तसंच हे." होडी आणि लेक ही तुलना त्या प्रवासात मला प्रत्येकाने एकदा तरी ऐकवली, पिकअपचं पंक्चर काढणाऱ्यानेसुद्धा. दर वेळी सदानंदांचे डोळे भरून यायचे आणि मला संताप यायचा. होडीला सकाळी चहा लागत नाही आणि ती फोन करायला विसरत नाही.

विहीणबाई हिराबाई कमी बोलणाऱ्या. शर्वरीच्या लग्नापासून त्या माझ्याशी जेवढी वाक्यं बोलल्या असतील त्यातली बहुतेक "अजून घ्या" अशी होती. त्या दिवशीही ताटात मासवडी, तिचा झणझणीत रस्सा, बाजरीची भाकरी, आणि "अजून घ्या". सदानंदांना एवढी उचकी लागली की सोलकढीच्या आठवणीने ते कासावीस झाले. हिराबाईंनी मुकाट्याने ताकाचा तांब्या समोर ठेवला.

जेवणं झाल्यावर अंगणात सभा भरली. प्रश्न एकच, परवा होडी कुठल्या पाण्यात घालायची? धरणावर इथेही तोच नियम होता. विशालचा फोन येताच बबनरावांनी जाऊन विचारलं होतं आणि नियम ऐकून ते समाधानाने परतले होते. आता शेजारीपाजारी सल्ले देऊ लागले.

"हिरीत सोडा," एकजण म्हणाला. विहिरीचं तोंड होडीपेक्षा लहान होतं.

"उभी सोडा की मंग."

"नदीत?" नदीत धुणं भिजेल एवढंच पाणी होतं.

"होडी अंगणात उताणी ठिवू नका पण," तिसऱ्याने वेगळीच काळजी काढली. "बिबट्या येऊन बसंल आत. त्याला सावली लई आवडती."

बबनराव हताश होऊन म्हणाले, "तालुकाभर धरणं बांधून ठिवलीत, आन् एका होडीला वाटीभर पाणी न्हाई!" मग शर्वरीकडे न बघता म्हणाले, "जाऊ द्या. म्या म्हणलंच व्हतं, आपल्या हितं ह्ये काय जमायचं न्हाई."

शर्वरी खाली बघून वल्ह्यावरचं तोरण सोडवत राहिली. मला तिचा चेहरा दिसत नव्हता, पण मान दिसत होती, आणि ती मान मी तिच्या लहानपणापासून ओळखते.

"माझ्या भावाचं शेततळं हाय की आण्याला," ओट्यावरून आवाज आला.

हिराबाई बोलल्या होत्या. एवढा वेळ अंगणात पसरलेला उदासपणा हशाने फुटला. आणे म्हणजे तालुक्याच्या पार पूर्वेचं पठार. उन्हाळ्यात जिथे प्यायचं पाणी टँकरने येतं ते गाव. बबनराव हसता हसता खोकू लागले. "आण्याला होडी! आगं, तिथं लोक पाण्याला पावणा म्हणत्यात!"

हिराबाई हसणं संपेपर्यंत थांबल्या. मग म्हणाल्या, "धरणाचं न्हाई, नदीचं न्हाई. जमीन भावाच्या नावावर हाय, खड्डा त्यानं खणलाय, पाणी त्यानं भरलंय. कोन अडवंल?"

बबनराव म्हणजे आयुष्यभर नियम सांभाळलेला माणूस, त्यांनी मनातल्या मनात सगळे नियम चाळून पाहिले असावेत. एकही सापडला नाही. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

आणे

मांडवीवर वापरायची होडी घाट चढून पठारावर नेताना आपण मूर्ख आहोत असं वाटतं. तसं मला वाटलं. दोन्ही बाजूंना उघडी शेतं, बाभळी, काढून ठेवलेल्या कांद्याचे ढीग. समोरून येणाऱ्या एसटीचा ड्रायव्हर गाडी थांबवून खाली उतरला, शेवंतीभोवती एक चक्कर मारली, परत चढला आणि निघून गेला.

हिराबाईंचे भाऊ दगडूभाऊ यांचं शेततळं म्हणजे डाळिंबाच्या बागेच्या टोकाला खणलेला भला मोठा चौकोनी खड्डा. आत जाड काळं प्लॅस्टिक अंथरलेलं, त्यात निम्म्याला आलेलं हिरवं पाणी. पावसाळ्यात भरायचं आणि उन्हाळाभर पुरवून बागेला द्यायचं. त्या प्लॅस्टिकला भोक पडलं की पाणी गेलं, आणि पाणी गेलं की बाग गेली. हे समजल्यावर सदानंद पार गळले.

"नको," ते म्हणाले. "होडी परत नेऊ. माझ्या हौसेसाठी तुमची बाग नको."

दगडूभाऊ म्हणाले, "पावणं, ताईनं लग्न झाल्यापासनं माझ्याकडं कदी काय मागितलं न्हाई. साडी देतो तीबी ठिवून जाती. आज मागितलं, तर होडीला पाणी मागितलं! आता म्या न्हाई म्हणू व्हय?"

मी शर्वरीकडे पाहिलं. ती सासूकडे बघत होती.

उतारावर कांद्याच्या रिकाम्या गोण्या पसरल्या, त्यावर घरातल्या गोधड्या. गावातले वीसेक लोक धोतरं खोचून आले आणि त्यांनी शेवंती अलगद खाली सोडली. ती पाण्यात शिरली, एकदा डुचमळली आणि तरंगू लागली. टाळ्या पडल्या. एका म्हाताऱ्याने लांबूनच तिला हात जोडले.

साहेब वेळेवर आले. तळ्याच्या बांधावर चढून त्यांनी खाली पाहिलं, मग चारी बाजूंच्या कोरड्या माळाकडे पाहिलं. "पाणी आहे," एवढंच म्हणाले. चकचकीत बुटांनी ते गोधड्यांवरून घसरत घसरत होडीपर्यंत पोचले. सदानंदांनी त्यांना आत ओढून घेतलं.

तपासणी सुरू झाली. बुडू नये म्हणून घालायची जाकिटं मोजली, इंजिन सुरू केलं. "आता सरळ चालवा." सरळ चालवली तर लगेच दुसरा काठ आला. "उजवीकडे वळवा." तिकडेही काठ. "वेग वाढवून दाखवा." सदानंदांनी वेग वाढवायला सुरुवात केली आणि लगेच कमी केला. साहेब प्रत्येक गोष्टीपुढे गंभीरपणे खूण करत होते. शर्वरी बांधावर नखं खात उभी होती.

तपासणी झाली. सदानंद दोर धरून वर आले, पण साहेबांचे बूट त्या ओल्या प्लॅस्टिकवर काही केल्या ठरेनात. तेव्हा असं ठरलं की साहेबांनी होडीतच बसावं आणि होडीच हळूहळू वर ओढून घ्यावी. ओढायला दगडूभाऊंनी त्यांचे बैल आणले, बादल आणि मल्हार. ही जोडी बैलगाडा शर्यतीची. या तालुक्यात शर्यतीच्या बैलाचे लाड घरच्या जावयापेक्षा जास्त होतात.

"बुजणार नाहीत ना?" मी विचारलं.

"लई गरीब हायती," दगडूभाऊ म्हणाले.

दोर बांधला गेला. आणि इथे हिराबाईंना आठवलं की होडीची पूजा राहिली. नवीन गाडी, मोटार, यंत्र काहीही असो, नारळ फोडून पूजा केल्याशिवाय त्यांच्या घरात वापरत नाहीत. त्यांनी बांधावर नारळ फोडला, होडीच्या दिशेने हळदीकुंकू उडवलं, आणि मग मूठभर भंडारा घेऊन मोठ्या भक्तीने हवेत उधळला.

आता, बादल आणि मल्हार यांनी भंडारा आजवर एकाच ठिकाणी उधळलेला पाहिला होता. शर्यतीच्या घाटात, म्हणजे धावपट्टीवर, बैल सुटताना.

त्यांनी पिवळा ढग पाहिला आणि ते सुटले.

दगडूभाऊंच्या हातातला कासरा कुठल्या कुठे गेला. शेवंती गोधड्यांवरून सळसळत वर आली, बांधावरून उडाली आणि कांदा काढलेल्या रानातून पूर्वेकडे निघाली. आत साहेब, दोन्ही हातांनी दोन्ही काठ घट्ट धरून, मान ताठ. मागे आम्ही सगळे ओरडत. बबनराव धावता धावता "कागद! कागद सांभाळा!" असं ओरडत होते. रानाच्या टोकाला कांद्याचा ढीग होता. बैल त्याला वळसा घालून गेले. शेवंती गेली नाही. तिने ढिगात नाक खुपसलं, दोर तुटला आणि ती थांबली.

मग मघाचा म्हातारा हर्षाने ओरडला, "पहिल्या नंबरात बसली!" आणि साऱ्या गावाने टोप्या उडवल्या.

मी देवाला एकच सांगितलं, साहेब धड असू देत. साहेब कांदे बाजूला सारत उतरले. एक बूट होडीतच राहिला होता. त्यांनी होडीभोवती फेरी मारली, लोकांना ती एका बाजूला कलती करायला लावली आणि बुडावरून तळहात फिरवला. बराच वेळ फिरवला.

"इतकी वर्षं होड्या तपासतोय," ते म्हणाले. "बूड असं कधी तपासून मिळालं नव्हतं. चरा नाही. मजबूत आहे."

आणि कांद्याच्या गोणीवर कागद ठेवून त्यांनी सही केली. तिकडे दगडूभाऊंनी गोधड्या उचलून प्लॅस्टिक पाहिलं आणि लांबूनच हात हलवला. तेही शाबूत होतं. सदानंद तिथेच रानात मटकन बसले.

कागद आधी अर्थातच बबनरावांनी वाचला. वाचता वाचता त्यांच्या कपाळाला आठी पडली. "साहेब, वापरायचं ठिकाण म्हणून तुमी 'शेततळे, आणे' लिवलंय."

"जिथे पाहिली तेच लिहिता येतं," साहेब बूट घालत म्हणाले. "मढच्या धरणासाठी वेगळा अर्ज करा. आता इथला नंबर आहे, होईल ते काम. पण या सीझनला नाही."

ते वाक्य तिथे येऊन पडलं आणि सगळे बबनरावांकडे बघू लागले. या सीझनला नाही तर परत विषय नाही, हे त्यांनीच म्हटलं होतं. शर्वरीने ओठ घट्ट मिटले. एवढी होडी घाट चढवून आणली, बैलांनी ओढली, साहेब कांद्यात बुडवले, आणि पोरीच्या पदरी काय?

"मंग घाला की परत पाण्यात," हिराबाई म्हणाल्या.

"कुणाला?" बबनरावांनी विचारलं.

"होडीला. तुमीच म्हणला व्हता, कागद असंल तर पाण्यात. हाय न्हवं कागद? ह्योच सीझन हाय न्हवं?" आणि त्यांनी पदर खोचला. "घाला. मला बसायचंय."

बबनरावांनी कागद पुन्हा वाचला. त्यात त्यांना काढता पाय घेता येईल असं काहीही नव्हतं. शेवटी त्यांनी स्वतःच होडीच्या काठाला हात घातला.

या खेपेला बैल लांब बांधले आणि माणसांनीच ती उचलून नेली. हिराबाई आत बसल्या, जन्मात पहिल्यांदा. ज्या माळावर त्या कोसभरावरून डोक्यावर हंडे आणत मोठ्या झाल्या, त्या माळावर त्या पाण्यात बसल्या होत्या. शर्वरीने वल्ही घेतली. अर्ध्या तळ्यात गेल्यावर हिराबाईंनी हात वर केला.

"विहीणबाई, या की!"

मांडवी दारात असताना जे मला उभ्या आयुष्यात जमलं नव्हतं ते मी आण्याच्या पठारावर केलं. शर्वरीने काठाशी आणलेल्या होडीत मी डोळे मिटून पाय टाकला. हिराबाईंनी माझा हात धरून ठेवला. गरगरलं नाही. तळं एवढंसं होतं की गरगरायला वेळच मिळाला नाही.

रात्री दगडूभाऊंकडे आण्याची प्रसिद्ध आमटी आणि कुस्करलेली भाकरी होती. माझ्या शेजारी बसून हिराबाई एकदाही "अजून घ्या" म्हणाल्या नाहीत. त्या बोलत होत्या, आणि शर्वरी मधे मधे सासूला अडवून "आत्या, असं नव्हतं झालं" म्हणत हसत होती.

रायबंदर

घरी येऊन महिना झाला. अंगणात शेवंतीची जागा रिकामी आहे. सदानंद आता पेपर खुर्चीत बसून वाचतात आणि खुर्ची बरोबर त्याच जागी ठेवतात.

मढचा अर्ज केलाय. बबनराव त्याच्या मागे आहेत, म्हणजे तो होणार. तोवर पठारावर तरंगणारी होडी बघायला मढच्या खोल्यांतले पर्यटक आण्याला जातात. आणि भाऊबीजेखेरीज माहेरी न जाणाऱ्या हिराबाई दर आठवड्याला शर्वरीबरोबर आण्याला जातात. कारण विचारलं तर म्हणतात, भावाला बघून येते.

काल शर्वरीने एक व्हिडिओ पाठवला. शेततळं, मागे डाळिंबाची झाडं, आणि शेवंती. वल्ही हिराबाईंच्या हातात होती. शर्वरी समोर पाहुण्यासारखी बसून फोन धरून होती आणि हसून हसून तिचा हात हलत होता. तेवढ्यात हिराबाईंनी तिला दटावलं, "नीट बस गं पोरी, वल्ही माझ्याकडं हायती."

सदानंदांनी तो तीनदा पाहिला. "डावं वल्हं उथळ मारतात," ते म्हणाले. मग उठले, अंगणातली खुर्ची उचलून भिंतीशी नेली आणि रिकाम्या जागेत झाडू मारायला लागले. शेवंती आता तिकडचीच, हे त्यांना एकदाचं पटलं होतं. माझी लेक सुखात आहे, एवढंच मला तिथून पाहून यायचं होतं, आणि ते मी पाहून आले.